बोट म्हणजे एसटी नव्हे : कोल्हापुरातून क्रूझला निघण्याआधी

आमच्या दाजींना फ्लॉरेन्सला जायचंय. तिथली चित्रं आणि पुतळे बघायला नव्हे, राजाराम महाराजांच्या छत्रीसमोर उभं राहायला. 1870 साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला, अवघ्या विशीत, तिथंच वारले. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. पुढं तिथं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँटचा, म्हणजे आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा करणाऱ्याचाच. दाजी इतिहासाचे मास्तर. तीस वर्षं पोरांना हे सांगितलं आणि स्वतः मात्र पुण्याच्या पुढं फारसे गेले नाहीत.

2020 च्या जानेवारीत त्यांनी आक्काच्या आणि स्वतःच्या नावावर भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझचे पैसे भरले. निघायचं होतं मे महिन्यात. पुढं काय झालं ते कुणाला सांगायला नको. एजंटानं आधी ‘थांबा’ म्हटलं, मग ‘क्रेडिट मिळेल’ म्हटलं, मग फोन उचलायचं सोडलं. क्रेडिटचा कागद आला, त्यावर मुदत होती, आणि ती मुदत दाजींना कळेपर्यंत टळून गेली.

गेल्या महिन्यात ते पुन्हा फाईल काखोटीला मारून आले. “पाव्हणं, बोटी सुरू झाल्यात न्हवं? मग बघा की कसं काय जमतंय.”

बोटी सुरू झाल्यात, आणि जोरात. 2019 मध्ये जगभरात 2 कोटी 97 लाख लोकांनी क्रूझ केली होती. 2020 मध्ये आकडा 58 लाखांवर आला. 2023 मध्ये 3 कोटी 17 लाख, म्हणजे साथीच्या आधीपेक्षाही जास्त. प्रश्न बोटींचा नाहीच. आपण बोटीचं बुकिंग हॉटेलच्या बुकिंगसारखं समजतो, घोळ तिथून सुरू होतो. दाजींना समजावताना जे बोलणं झालं, तेच इथं जरा नीट लावून लिहितोय.

बोट कुणाची, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही

हॉटेल एका गावात असतं. तिथला कायदा, तिथला दवाखाना, तिथली पोलीस चौकी ठरलेली. क्रूझची बोट मात्र नोंदलेली असते बहामाज, पनामा नाहीतर माल्टाला. कंपनीचं ऑफिस अमेरिकेत किंवा युरोपात, खलाशी आणि वाढपी गोव्याचे, फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे. आणि रोज नवं बंदर, म्हणजे रोज नव्या देशाची परवानगी. सगळं सुरळीत असतं तेव्हा ही परवानगी आपल्याला दिसतसुद्धा नाही. पाण्याचा नळ असतो तसं. नळ गेला की कळतं.

2020 च्या फेब्रुवारीत तो गेला. जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली. बोटीवर 3,711 माणसं होती, त्यातल्या 712 जणांना कोरोना झाला. कर्मचाऱ्यांमध्ये 132 भारतीय होते. ते दोघा-चौघांत केबिन वाटून राहत होते आणि विलगीकरणात बसलेल्या प्रवाशांना जेवणाची ताटं पोचवत होते. प्रवासी दाराआड, पण त्यांना वाढणारे हात मात्र बोटभर फिरणारे. साथ पसरायला आणखी काय लागतं?

त्याच महिन्यातली ‘वेस्टरडॅम’ची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. या बोटीला जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम आणि थायलंड, सगळ्यांनी दार लावलं. शेवटी कंबोडियानं सिहानुकव्हिल बंदरात घेतलं. बोटीवरच्या माणसांनी तिकिटाचे पूर्ण पैसे भरले होते, व्हिसे काढले होते, पण एकाही देशावर त्यांना उतरवून घेण्याचं बंधन नव्हतं.

आपल्याकडं जानेवारी 2022 मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका बोटीवर सुमारे दोन हजार लोकांची तपासणी झाली. 66 जण बाधित निघाले. गोव्याची सुट्टी मुरगाव बंदरातून किनारा बघण्यात गेली आणि बोट मुंबईला परत फिरली.

आता ते दिवस नाहीत. लशीचं सर्टिफिकेट आणि निघण्याआधीची टेस्ट, ही 2021-22 मधली सक्ती बहुतेक कंपन्यांनी काढून टाकली आहे. भारतात परतताना भरायचा एअर सुविधाचा फॉर्मही 22 नोव्हेंबर 2022 पासून बंद झाला. तरी लशीच्या सर्टिफिकेटची एक प्रत फाईलमध्ये असू द्या. कागदाला खायला घालावं लागत नाही.

करारातलं मूळ कलम मात्र साथीआधी होतं तेच आजही आहे: कंपनी कुठलंही बंदर गाळू शकते, बदलू शकते, क्रम उलटा करू शकते. वारा सुटला, बंदरात संप झाला, कुठं लढाई पेटली, कारण काहीही असो. गाळलेल्या बंदराबद्दल साधारणपणे त्या बंदराचा कर तेवढा परत मिळतो, सहलीचे पैसे नाहीत. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक क्रूझ कंपन्यांनी तो रस्ताच सोडला आणि ज्यांनी सुएझ बघायचं म्हणून तिकीट काढलं होतं ते दुसरीकडंच फिरून आले. व्हेनिसमध्ये 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनांवरच्या बोटींना जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे. गच्चीत उभं राहून व्हेनिस सरकत जाताना बघायचं, ते जुन्या जाहिरातीतलं चित्र आता विसरायचं.

तेव्हा एकाच बंदरावर जीव अडकला असेल, तर क्रूझ हे त्यासाठी कच्चं वाहन आहे. दाजींना हे पटायला दोन चहा लागले.

पत्रकात फ्लॉरेन्स, बोट लिव्होर्नोला

पत्रकावर छापलेलं असतं ‘फ्लॉरेन्स’. फ्लॉरेन्सला समुद्रच नाही. बोट लागते लिव्होर्नोला आणि तिथून फ्लॉरेन्स सुमारे 90 किलोमीटर. कोल्हापूर म्हणून कऱ्हाडच्याही पुढं उतरवल्यासारखं आहे हे. ‘रोम’ म्हणजे चिव्हितावेक्किया, रोमपासून पाऊणशे किलोमीटरवर. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, तिथून पॅरिस दोनशे किलोमीटर. म्हणून पत्रक वाचताना शहराचं नाव बघू नका. बंदराचं नाव बघा, बोट किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते ते बघा, आणि मध्ये उरलेल्या तासांतून जाण्यायेण्याचा वेळ वजा करा. उरतील ते तास तुमचे.

आणि बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी सगळ्यांनी वर असावं लागतं. तिथं ‘बोटीची वेळ’ म्हणून एक वेगळी भानगड असते. बोटीवरची घड्याळं आणि किनाऱ्यावरची घड्याळं यांत कधीकधी तासाचा फरक असतो, कारण कप्तान दर बंदराला काटे फिरवत बसत नाही. मोबाईल मात्र किनाऱ्यावरचा टॉवर सापडला की आपोआप तिथली वेळ दाखवतो. हातात साधं घड्याळ बांधा, बोटीच्या वेळेला लावा आणि त्याला हात लावू नका.

दाजींनी विचारलं, “आणि दहा मिंटं उशीर झाला तर?”

“दाजी, बोट म्हणजे काय आपली गगनबावड्याची एसटी हाय व्हय, कंडक्टरला हात करून थांबवायला?”

खरं तर एका बाबतीत थांबते. कंपनीनंच विकलेल्या सहलीची बस उशिरा आली तर बोट वाट बघते, नाहीतर त्या लोकांना पुढच्या बंदरावर नेऊन पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या स्वतः गेलात तर पुढच्या बंदराचा खर्च तुमचा. कंपनीची सहल महाग असते, त्या जादा पैशांत हा एक विमाच घेतलेला असतो. रांगा, घाई, छत्रीवाल्या गाईडच्या मागं चाळीस जण, हे सगळं असूनही पहिल्यांदा जाणाऱ्याला मी लांबच्या शहरासाठी कंपनीची सहल घ्या असंच सांगतो. बंदर गावातच असेल तर मात्र खुशाल पायी फिरा.

बोटीच्या शिडीपासून उलटं मोजत घरापर्यंत या

आपण प्रवास घरापासून पुढं आखतो. क्रूझ उलटी आखायची. शिडी वर जायची वेळ धरा आणि तिथून मागं या.

चेक-इन साधारण बोट सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. म्हणजे त्या दिवशी दुपारी बंदरावर. म्हणजे आदल्या दिवशी त्या शहरात मुक्काम. हा एक दिवस वाचवू नका, माझं या बाबतीत काहीच ऐकून घ्यायची तयारी नाही. विमान उशिरा येतं, बॅग मागं राहते, जोडविमान चुकतं. हॉटेलवाला खोली रात्री बारापर्यंत ठेवतो, बोट ठेवत नाही. तर आदल्या दिवशी युरोपात, म्हणजे त्याआधीच्या रात्री मुंबईच्या विमानतळावर, म्हणजे कोल्हापुरातून त्याच्याही एक दिवस आधी.

इथं आपल्या गावाचा एक खास मुद्दा येतो, जो पुण्या-मुंबईच्या कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. भूमध्य समुद्राचा मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. म्हणजे त्याचा मधला भाग नेमका आपल्या पावसाळ्यात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळेला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि मुंबईचा रस्ता काही दिवस बंद होता. दाजींना जुलै हवा होता, ‘गर्दी कमी असंल’ म्हणून. गर्दी उलट तेव्हाच सर्वांत जास्त. युरोपातल्या शाळांना सुट्टी, ऊन रणरणतं, दर चढे. आणि इथं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसायचं. मे नाहीतर सप्टेंबरची अखेर घ्या. जुलै-ऑगस्टच घ्यायचा असेल तर मुंबईला चार दिवस आधी जाऊन बहिणीच्या घरी पाय पसरा.

मुंबईपर्यंत कसं जायचं ते तुम्हाला माहीत आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी सीएसएमटीला सोडते. उजळाईवाडीहून विमानही आहे. फक्त एक लक्षात ठेवा: उजळाईवाडीचं तिकीट वेगळं आणि मुंबईहून परदेशाचं वेगळं काढलं असेल, तर पहिलं उशिरा आल्यामुळं दुसरं चुकलं याला कुणीही जबाबदार नसतं. दोन्ही एकाच तिकिटात बसली तर विमान कंपनीला पुढची सोय करावी लागते. येतानाही तेच. बोट सकाळी बंदराला लागते, पण सामान आणि माणसं उतरेपर्यंत नऊ-दहा वाजतात. दुपारच्या आधीचं विमान घेऊ नका.

पासपोर्टची मुदत परतल्यानंतरही किमान सहा महिने उरलेली हवी. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळं आता त्यासाठी पुण्याला खेटे घालायला नकोत. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या शेंगेन व्हिसासाठी मात्र पुणे-मुंबई आलंच. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मर्यादा पंधरा दिवसांची आहे, पण ती पाळण्याची हिंमत करू नका. साथ ओसरल्यावर सगळेच एकदम निघाले आणि अपॉइंटमेंट मिळणं हाच एक उद्योग होऊन बसला. अर्ज कुठल्या देशाकडं करायचा? जिथं सर्वांत जास्त मुक्काम, तिथं. मुक्काम सारखेच असतील तर जिथं पहिलं पाऊल पडणार, तिथं. बोटीचा रोजचा कार्यक्रम अर्जाला जोडा, म्हणजे समुद्रातल्या रात्रींचा हिशेब त्यांना लागतो.

त्यातला खरा सापळा ‘एकदाच प्रवेश’ आणि ‘अनेकदा प्रवेश’ यात आहे. स्पेन, फ्रान्स, इटली एवढंच असेल तर सगळं शेंगेनच्या आत. पण मध्ये तुर्कस्तान किंवा ट्युनिशिया आलं, की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परत आत येताना तो दुसरा प्रवेश होतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर बोटीवर चढूच देणार नाहीत. क्रोएशियाही 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आलंय, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझचंही असंच: बोट मलेशिया-थायलंड करून सिंगापूरलाच परत येते, म्हणून तिथलाही व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, ते बघा.

पैसे: जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतो. एकटा माणूस गेला तर बऱ्याचदा जवळपास दोघांचं भाडं पडतं. त्यावर बंदराचे कर येतात. त्यावर टिप. ही टिप आपल्या हॉटेलातल्या बडीशेपेच्या ताटलीत ठेवायची टिप नव्हे, ती रोज माणशी खात्यावर आपोआप चढते. समजा रोजचे 16 डॉलर धरले, तर दोघांचे सात रात्रींचे 224 डॉलर झाले. दाजी म्हणाले, “न देऊन चालत न्हाई?” बऱ्याच कंपन्यांत काउंटरवर सांगून कमी करता येते. पण ज्या पोरानं सात दिवस तुमची चादर बदलली त्याचा पगार त्याच पैशांवर चालतो, हे माहीत असून मला ते सांगवत नाही.

मग वायफाय, मग किनाऱ्यावरच्या सहली, मग पेयांचं पॅकेज. आक्का माळकरी आणि दाजी चहाचे, त्यांना ते पॅकेज फुकट दिलं तरी महाग. काही कंपन्यांत एकानं घेतलं की केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं, हे पाहुणे-मंडळी मिळून जाताना लक्षात ठेवा. जेवण भाड्यातच असतं. शाकाहारी म्हणून सांगताना अंडं, मासळी, चीज काय चालतं नि काय नाही ते बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. तांबडा-पांढरा आठवडाभर विसरायचा.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर 1 ऑक्टोबर 2020 पासून टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, कापला जातो. त्याचे दर अनेकदा बदलले आहेत, तेव्हा भरायच्या दिवशीचा दर विचारा. तो कर गेला असं समजून हळहळू नका. तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता होतो, आणि दाजींसारख्या पेन्शनरला कर बसतच नसेल तर परत मिळतो. त्यासाठी रिटर्न मात्र भरावा लागतो. लोक नेमकं तेच करत नाहीत.

आता क्रेडिटची गोष्ट, कारण दाजींची जखम तिथंच आहे. 2020 मध्ये फेऱ्या रद्द झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी दोन पर्याय दिले: भरलेले पैसे परत घ्या, नाहीतर त्याच्या 125 टक्के रकमेचं पुढच्या क्रूझचं क्रेडिट घ्या. ऐकायला भारीच. पण क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत. ते त्याच कंपनीत, ठरलेल्या मुदतीत, तेव्हाच्या भावानं वापरायचं असतं, आणि कंपनीच राहिली नाही तर तो रद्दीचा कागद. हे घडलंय. हाँगकाँगच्या गेंटिंग कंपनीनं जानेवारी 2022 मध्ये दिवाळखोरीची वाट धरली. तिची ‘क्रिस्टल सिम्फनी’ त्याच महिन्यात मायामीला यायची होती, पण इंधनाचं बिल थकल्यामुळं अमेरिकेच्या कोर्टानं बोट जप्त करायचा हुकूम काढला होता, म्हणून ती वळून बहामाजमधल्या बिमिनीला गेली. प्रवाशांना तिथून पुढं फेरीनं आणलं. आपल्या मुंबईहून 2019 मध्ये मोठ्या थाटात सुरू झालेली ‘कर्णिका’सुद्धा 2020 संपेपर्यंत अलंगच्या भंगारवाड्यात पोचली.

म्हणून रोख परत मिळत असेल तर रोखच घ्या. पैसे क्रेडिट कार्डानं भरा, म्हणजे वाद घालायला बँक मध्ये असते. पावतीवर एजंटाच्या शिक्क्याबरोबर क्रूझ कंपनीचा बुकिंग नंबर मागा, तो कंपनीच्या वेबसाईटवर टाका आणि आपलं नाव दिसतंय का ते त्याच दिवशी बघा. दाजींच्या एजंटानं पैसे घेतल्यावर दोन महिने कंपनीकडं भरलेच नव्हते, हे आम्हाला फार उशिरा समजलं. शिल्लक रक्कम साधारण निघण्याच्या अडीच-तीन महिने आधी भरायची असते. त्या तारखेपर्यंत रद्द केलं तर थोडं बुडतं, नंतर दर आठवड्याला बुडणारा हिस्सा वाढत जातो, शेवटी सगळंच जातं. ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा.

गर्दी मोजायचं एक गणित, आणि बोट लागणं

बोटीचं टनेज म्हणजे वजन, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ग्रॉस टनेज हा बोटीच्या आतल्या जागेचा आकडा आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येनं भागलं की माणशी जागा किती ते कळतं. मुंबईहून फिरणारी ‘एम्प्रेस’ 48,563 टनांची आहे. केबिनमागं दोन धरले तर प्रवासी सुमारे 1,600. भागाकार तीसच्या आसपास. जगातली अजस्र ‘आयकॉन ऑफ द सीज’ 2,48,663 टनांची, त्याच हिशेबानं प्रवासी 5,610, म्हणजे भागाकार 44. गंमत बघा, पाच हजारांवर माणसं असलेली बोट माणशी जास्त मोकळी. बोट मोठी म्हणजे गर्दी जास्त, असं सरळ नसतं. साथीनंतर ज्यांना गर्दीची धास्ती बसली आहे त्यांनी हा भागाकार जरूर करावा, दोन मिनिटांचं काम आहे.

केबिन चार जातींच्या असतात: बिनखिडकीची आतली, खिडकीची, गच्चीची, आणि वर सुईट. नुसतं झोपायलाच जायचं असेल तर आतली पुरते, असं मी पूर्वी सांगायचो. ‘डायमंड प्रिन्सेस’वर बिनखिडकीच्या केबिनमधल्या लोकांना पाळीपाळीनं डेकवर हवा खायला सोडत होते, ते वाचल्यापासून निदान खिडकी तरी घ्या म्हणतो.

आपल्या भाषेत गाडी लागते तशी बोटही लागते. कोकणात जाणाऱ्या जुन्या आगबोटींच्या काळापासूनचा शब्द आहे. ज्यांना आंबोलीच्या वळणांवर लिंबू हुंगावं लागतं त्यांनी केबिन बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. झोपाळ्याचा मधला भाग कमी हलतो, तसंच हे. मोठ्या बोटींना दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळं डोलणं बरंच कमी होतं. गोळी घ्यायची तर पोटात ढवळायच्या आधी घ्यावी लागते. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर कुठली घ्यायची ते डॉक्टरना विचारूनच.

बोटीवर दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो आणि बिल डॉलरमध्ये येतं. जास्त झालं तर किनाऱ्यावर हलवावं लागतं आणि तो खर्च डोळे पांढरे करणारा. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचं विमाकवच लागतंच, पण तेवढ्यावर थांबू नका. आणीबाणीत रुग्णाला हलवण्याचा खर्च आहे का, कोरोना झाल्यावर विलगीकरणात थांबावं लागलं तर धरतात का, आणि आधीच्या आजारांचं काय, हे तीन प्रश्न विमेवाल्याला लेखी विचारा. दाजींची शुगर लपवून हप्त्यात थोडी बचत झाली असती. क्लेमच्या वेळी ती सगळी बचत व्याजासकट गेली असती.

एक गोष्ट साथीनं उलटी शिकवली. सगळे सॅनिटायझरच्या नादी लागले. पण बोटींवर कोरोनाच्या आधीपासून त्रास देणारा नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा, सॅनिटायझरला फारसं जुमानत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. जेवणाच्या दारात कुणी बाटली पुढं केली तर घ्या, पण आधी बेसिनवर जाऊन या.

एवढं सगळं ऐकून कुणी बिचकलं असेल, तर आधी मुंबईहून दोन-तीन रात्रींची फेरी करून बघा. पासपोर्ट-व्हिसाची कटकट नाही, फक्त ओळखपत्र लागतं. गोव्याला जायला कोल्हापूरकरानं आधी मुंबई गाठायची, हा विनोद सहन करावा लागेल. पण बोट लागते की नाही, गर्दी सोसते की नाही, ते स्वस्तात कळतं. पावसाळ्यात मात्र अरबी समुद्राच्या वाटेला जायचं नाही.

दाजींनी तेवढं केलं. आक्काला बोट लागली नाही, दाजींना लागली.

तरी ते चाललेत. सप्टेंबरच्या अखेरीची तारीख घेतली आहे, आणि लिव्होर्नोचा दिवस आम्ही पंचांग मांडून बसावं तसा मांडला. कंपनीची फ्लॉरेन्सची सहल ड्युओमो हे तिथलं मोठं चर्च आणि बाजार दाखवते, छत्रीकडं कुणी नेत नाही. छत्री आहे काशिने बागेच्या पार पश्चिमेच्या टोकाला. म्हणजे इथं कंपनीचा विमा सोडून स्वतःच जाणं आलं. बोट सकाळी सातला लागणार, संध्याकाळी सातला सुटणार. आठला खाली, बंदरातून गावात न्यायला बस असते, तिथून स्टेशन, रेल्वेनं दीड तास, पुढं टॅक्सी. साडेअकराच्या आत छत्रीपाशी. एक वाजता काहीही झालं तरी परत फिरायचं, म्हणजे दोन गाड्या चुकल्या तरी साडेसहाच्या आत बोटीवर. आणि त्या दिवशी लिव्होर्नो गाळलं तर रडायचं नाही, असं आक्कानं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

काल रात्री बॅग भरताना पुन्हा फोन. अंबाबाईच्या देवळातली कुंकवाची पुडी न्यायची आहे, चालेल का? आणि चहासाठी ती छोटी विजेची किटली?

बोटीवर आगीच्या भीतीनं तापणारी कुठलीच वस्तू चालत नाही, इस्त्रीसुद्धा काढून घेतात आणि उतरताना परत देतात. मी सांगितलं, कुंकू न्या. किटली घरी.